लम्पीची लस जिवंत आहे, म्हणून थंड हवी



"लस दिली अन् गाठी आल्या," ही तक्रार अजून ऐकू येते. दोष लसीचा की वेळेचा, ते बघा.

हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी लम्पीचा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. त्यातून २०२२ मध्ये लम्पी-प्रोव्हॅक लस तयार झाली. त्या साथीत आपल्याकडे टोचलेली शेळी-देवीची लसही दुबळ्या विषाणूचीच. असा विषाणू शरीराला रोगाची ओळख करून देतो, रोग आणत नाही. पण पूर्ण ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. आधीच लागण झालेल्या जनावराला मधेच गाठी येतात अन् लस बदनाम होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: साथ आल्यावर धावण्यापेक्षा पावसाआधी, माश्या-गोचीड वाढायच्या आत, निरोगी जनावरांना टोचून घ्या. लस बर्फात आली का, हे बिनधास्त विचारा. उन्हात तापली तर विषाणू मरतो, सुई फुकट जाते. ताप असलेलं जनावर आधी डॉक्टरांना दाखवा. टोचल्यावर तीन आठवडे बाजारात नेऊ नका.

– आपला कृषी सल्लागार, मुळशी