अँटिबायोटिक तोडणारा कोळसा: ९० टक्क्यांच्या दाव्यात काय बघायचं?

पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त अँटिबायोटिक उजेडात नष्ट करणारा कोळसा! असे दावे हल्ली बरेच दिसतात. दावा खोटा नसतो, पण अर्धाच असतो.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ. हैदराबादजवळ पटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी एका प्लांटमध्ये शुद्ध होतं. तिथून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं. २००७ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं. हे औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तातही एवढं नसतं! अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतूच टिकतात आणि वाढतात. मग गरजेच्या वेळी गोळी चालत नाही.

आता हा कोळसा. भाताचं तूस किंवा उसाचं पाचट अगदी कमी हवेत तापवलं की बायोचार मिळतो. त्याच्या बारीक छिद्रांत औषधाचे रेणू अडकतात. पण नुसतं अडकवणं म्हणजे कचरा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकणं. म्हणून त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडसारखा फोटोकॅटॅलिस्ट बसवतात. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, पाण्यात अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते औषधाचा रेणू तोडतात. सुटलेले इलेक्ट्रॉन लगेच जागेवर परतले तर काम थांबतं. बायोचार त्यांना आपल्याकडे ओढतो, म्हणून ही जोडी जमते.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डेमो आणि प्रॉडक्शनमधला फरक रोज बघतो. इथेही तेच आहे. लॅबमध्ये बहुतेक वेळा स्वच्छ पाण्यात एकच औषध मिसळलेलं असतं. खऱ्या सांडपाण्यात क्षार, रंग, इतर रसायनं असतात. ती प्रकाश अडवतात आणि ते क्रियाशील कणही खाऊन टाकतात. म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी बघा:

१. चाचणी खऱ्या सांडपाण्यावर झाली का?
२. रेणू तुटून उरलेले तुकडे निरुपद्रवी आहेत का?
३. पावडर गोळा करून किती वेळा वापरता आली?

आणि चौथी गोष्ट लॅबच्या बाहेरची. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या गाळल्या गेल्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या बंधनकारक नाहीत. कायद्याने मर्यादाच घातली नाही, तर कोणता कारखाना स्वतःहून या कोळशावर पैसे घालेल?