मुलाखत झाली, निकाल केव्हा?

वैद्यकीय महाविद्यालयाची मुलाखत देऊन आलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरात असते, त्या घराची अवस्था आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. लेखी परीक्षेचा निकाल लांबला तर उत्तरपत्रिका तपासल्या जात असतील, असे समाधान तरी मानता येते. मुलाखतीनंतर तेवढाही आधार उरत नाही. काही मिनिटांच्या संभाषणात अपरिचित परीक्षकांनी आपल्याविषयी कोणता ग्रह करून घेतला, याचा तर्क करीत उमेदवार रात्री जागून काढतो. आणि दिवसा दारात येणारा प्रत्येक शेजारी ‘कळले का काही?’ म्हणून विचारून जातो.

आज आपल्या देशात एम.बी.बी.एस.चे बहुतेक प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवरच होतात. तथापि १९४८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात त्या गुणांवरून निवडलेल्यांची पुन्हा मुलाखत होते. जेथे पदवीनंतर सैन्यात सेवा करावयाची आहे, तेथे माणूस पाहून घेणे रास्तच होय. मुलाखतीस आमचा विरोध नाही. ती घेणाऱ्याने उमेदवारास उत्तरदायी असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा प्रश्न आपल्या भागास नवा नाही. १९६३ साली तेव्हाच्या म्हैसूर सरकारने वैद्यकीय व इंजिनिअरिंग महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण ठेवले. ऐच्छिक विषयांच्या एकूण गुणांच्या २५ टक्के एवढे ते होते, आणि सामान्य ज्ञान, व्यक्तिमत्त्व, एन.सी.सी., खेळ, नाट्य अशा गोष्टींवरून ते द्यावयाचे होते. परीक्षेत पुढे असलेले विद्यार्थी मागे पडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने झालेल्या मुलाखती रद्द ठरवून त्या नव्याने घेण्यास सांगितले. २९ जानेवारी १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मुलाखतीची पद्धत वैध ठरविली. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. पुढे नोव्हेंबर १९८० मध्ये श्रीनगरच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने १५० पैकी ५० गुण दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीस देणे अन्यायाचे ठरविले, आणि मुलाखतीचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक नसावा असे सांगितले.

गुणांना अशी मर्यादा पडली. प्रतीक्षेचे काय? ती केवळ मनाची तळमळ असती तर आम्ही या स्तंभात लिहिले नसते. त्याच दिवसांत दुसऱ्या महाविद्यालयातील जागेची मुदत संपत असते. शुल्क भरून ती जागा धरावी, तर कर्ज काढून भरलेले पैसे अडकतात. न धरावी, तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखे होते. श्रीमंतास दोन्ही दरडींवर पाय ठेवता येतो. कारकुनाच्या, शिक्षकाच्या, शेतकऱ्याच्या मुलास तो ठेवता येत नाही. निकालास होणारा विलंब सर्वांस सारखा दिसतो, पण त्याची किंमत सर्वांस सारखी पडत नाही, ही गोष्ट प्रवेश समित्यांनी ध्यानात घ्यावी.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. मुलाखतीच्या दिवशीच निकालाची तारीख लेखी सांगावी, आणि ती टळणार असेल तर आधी कळवावे. निवड यादीत परीक्षेचे व मुलाखतीचे गुण वेगवेगळे दाखवावेत. प्रतीक्षा यादीतील प्रत्येकास आपला क्रमांक व यादी कोठवर सरकली ते कळावे. यांपैकी एकाही गोष्टीस विशेष खर्च येत नाही. फक्त इच्छा लागते.

पालकांसही एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. याच दिवसांत ‘आत आमची ओळख आहे’ असे सांगणारे मध्यस्थ दारी येतात. त्यांचा व्यवहार सोपा असतो. मुलगा स्वतःच्या गुणांवर निवडला गेला तर श्रेय व पैसा त्यांचा. न निवडला गेला तर सबबींस तोटा नसतो. अशांस उंबरठ्याबाहेरच ठेवावे.

विद्यार्थ्यांनी हे ओळखावे की, जे बोलून झाले त्यात आता एका शब्दाचाही बदल होणार नाही. मात्र दुसऱ्या जागेची कागदपत्रे, मुदती व शुल्काची व्यवस्था अजून त्यांच्या हाती आहे. ती पुरी करण्यात हे दिवस खर्ची घालावेत. आणि यादीत नाव नसले तरी मुलाखतीने त्या दिवसाची उत्तरे मोजली, त्यांची योग्यता नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांस निकालाच्या आधीच सांगून ठेवावे. नंतर सांगितलेले सांत्वन वाटते. आधी सांगितलेले बळ देते.