‘होऊन जाईल’ म्हणणारे लीडर

आयटीत चार-पाच वर्षं काढली की एक दिवस मेल येतो : तुमची लीडरशिप प्रोग्रॅमसाठी निवड झाली आहे. मग बालेवाडीतल्या हॉटेलचा गारठलेला हॉल, गोल टेबलं, त्यावर कच्च्या स्पगेटीच्या काड्या, चिकटपट्टी आणि एक मार्शमॅलो. अठरा मिनिटांत सगळ्यांत उंच मनोरा बांधा. त्यानंतर ट्रेनर सांगतो की नजरेला नजर द्या, आधी कौतुक करा, मग चूक दाखवा, मग पुन्हा कौतुक करा. जेवणात पनीर असतंच. संध्याकाळी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, लिंक्डइन.

मी दोनदा जाऊन आलोय. माझं मत असं झालंय की आपल्याकडे ज्याला ‘पीपल स्किल्स’ म्हणतात, ते बहुतेक वेळा वरच्याकडे बघून हसण्याचं आणि खालच्याला गप्प बसवण्याचं कौशल्य असतं. त्याचा मूलमंत्र दोन शब्दांचा : होऊन जाईल.

वाक्य मोठं सोयीचं आहे. त्यात कर्ताच नाही. कोण करणार, कधी झोपणार, टेस्टिंगला किती दिवस उरणार, काही सांगावं लागत नाही. क्लायंट विचारतो, शुक्रवारी मिळेल ना? लीड मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर कॅमेऱ्याकडे बघतो, आणि इंग्रजीतून ‘होऊन जाईल’ म्हणतो. बुधवारी लक्षात येतं की होत नाहीये, तेव्हा दुसऱ्या टीममधून दोन फ्रेशर आणून बसवतात. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये १९७५ साली लिहून ठेवलंय. कारण साधं आहे : नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. पुस्तकाचं नाव आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

आता माझी गोष्ट. मी लीड झालो त्या वर्षी टीममध्ये एक मुलगी होती, कॉलेजमधून थेट आलेली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. एका बुधवारी चहाच्या टपरीवर ती म्हणाली, “सर, शुक्रवारची मायग्रेशन स्क्रिप्ट अडकेल. आपण टेस्ट केली ती दहा हजार ओळींवर. प्रॉडक्शनला चार कोटी आहेत. टेबल लॉक झालं की ॲप्लिकेशन बंद.” आमच्या कंपनीत ‘सर’ म्हणायला बंदी आहे, तरी ती म्हणायची. दोन मिनिटांत, कटिंग संपायच्या आत, तिने कारण सांगितलं, परिणाम सांगितला आणि स्क्रिप्ट तुकड्या-तुकड्यांत चालवा हा उपायही सांगितला.

मी म्हणालो, “बघू. क्लायंटच्या कॉलवर हे काढू नकोस.” मी आधीच ‘होऊन जाईल’ म्हणून बसलो होतो.

शुक्रवारी रात्री टेबल लॉक झालं. शनिवारी पहाटेपर्यंत आम्ही रोलबॅक करत होतो, ती पण होती. तीन महिन्यांनी अप्रेझल आलं. बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली ढकलायचं होतं. कॉलवर ती बोलत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. मी तिच्या फॉर्मवर शेरा लिहिला : कम्युनिकेशनमध्ये सुधारणा हवी.

हा शेरा लिहिताना मला काहीही वाटलं नाही. बालेवाडीचं ट्रेनिंग नुकतंच झालं होतं, त्यामुळे आधी कौतुकाचं वाक्यही लिहिलं होतं.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नाही. बॅकअप का चालत नव्हते, याचा तपशील मात्र भरपूर आहे. त्यातलं एक कारण मी अधूनमधून काढून वाचतो : बॅकअप फसल्याची सूचना देणारे मेल निघत होते, पण ते वाटेत नाकारले जात होते, कोणापर्यंत पोचतच नव्हते. आमच्याकडे मेल पोचला होता. टपरीवर, मराठीत. नाकारणारा मीच होतो.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक १९९०च्या दशकात हॉस्पिटलांतल्या टीम्सचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा, पण नोंदी उलट जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की त्या टीममधली माणसं चुकांबद्दल उघड बोलत होती. इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. आमचा डॅशबोर्ड कायम हिरवा असतो, आणि हल्ली हिरवा रंग बघितला की माझ्या पोटात गोळा येतो.

कोणी म्हणेल, क्लायंट अमेरिकेत आहे, इंग्रजी यायलाच हवं. यायलाच हवं, वाद नाही. मीही पहिली दोन वर्षं वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला बघितलाय. पण उच्चार सुधारायला कंपनी ट्रेनर लावते. वाईट बातमी बुधवारीच ऐकून घ्यायची, मग क्लायंटला स्वतः फोन करून ‘शुक्रवारी जमणार नाही, मंगळवार द्या’ म्हणायचं, याचा सराव कोणत्याच टेबलावर घेत नाहीत. घेतला तर ट्रेनिंगचं बिल मंजूर करणाऱ्यालाच आधी बसवावं लागेल.

यंदा माझ्या यादीत पाच नावं आहेत. फॉर्म भरण्याआधी जुना शेरा बदलता येतो का, म्हणून मी एचआरला विचारलं. बंद झालेली सायकल उघडत नाही, असं उत्तर आलं. मग तिलाच फोन केला. ती आता दुसऱ्या कंपनीत आहे. शेरा मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता, एवढंच बोललो.

“माहितीये सर,” ती म्हणाली. “जाऊ द्या.” मग थोडं थांबून सांगायला लागली की तिच्या नव्या टीममध्ये शुक्रवारी कोणी रिलीज करतच नाही. मंगळवारी करतात, सकाळी, चहा झाल्यावर.