दोष तंत्राचा की रबराचा? पॉप-अप हेडलाइटच्या दुरुस्तीविषयी थोडेसे

१/
जुन्या स्पोर्ट्स कारचा एक दिवा उघडा आणि दुसरा अर्धवट मिटलेला, असे छायाचित्र कुणी टाकले की खाली हशा पिकतो. मग हटकून एक सल्ला येतो: ‘ते जुनाट तंत्र मुळातच कुचकामी होते, काढून टाका आणि इलेक्ट्रिक मोटर बसवा.’ हा सल्ला घाईचा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तरी तो देऊ नये, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा.

२/
आरंभ कॉर्ड ८१० या अमेरिकी मोटारीपासून. १९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिचे रेखाटन गॉर्डन ब्यूरिग यांचे. दिवे पुढच्या मडगार्डांच्या पोटात दडवलेले, आणि ते बाहेर काढण्यासाठी डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना एकेक हँडल. ते हाताने फिरवायचे. म्हणजे अंधार पडला की चालकाने आपल्या बाजूचे हँडल फिरवायचे आणि दुसऱ्यासाठी पार पलीकडे वाकायचे, किंवा शेजारी बसलेल्याला विनंती करायची! ही कल्पना विमानाच्या उतरण्याच्या दिव्यांवरून घेतलेली होती. कॉर्डचे उत्पादन १९३७ मध्ये थांबले.

३/
साठच्या दशकात हे दिवे परतले, ते निव्वळ हौसेपोटी नव्हे. वारा कापण्यासाठी मोटारीचे नाक जमिनीलगत हवे होते. कायदा मात्र दिव्यांची जमिनीपासूनची किमान उंची ठरवून देत होता. शिवाय अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच वापरावे लागत. मोटारीच्या आकाराप्रमाणे दिवा घडवण्याची मुभा तेथे १९८३ पर्यंत नव्हती. नाक खाली आणि दिवा वर, हे दोन्ही साधायचे तर दिवा हलता करणे हा एक मार्ग होता. ज्याला आज आपण नखरा म्हणतो, ती बऱ्याच अंशी कायद्यातून काढलेली वाट होती.

४/
आता १९६२ ची लोटस इलान पाहू. फायबरग्लासची हलकी काया, आत पोलादी कण्यासारखी चॅसिस, आणि दिवे उचलण्यासाठी मोटर नाही, हँडलही नाही. दिवे उचलत असे इंजिनाचा श्वास.

हे जरा सावकाश समजून घेऊ. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. गॅरेजच्या भाषेत हाच ‘व्हॅक्युम’. तेथून एक रबरी नळी निघते. वाटेत एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, पुढे व्हॅक्युम साठवणारी टाकी. चालकाने डॅशबोर्डवरची कळ ओढली की हा व्हॅक्युम दिव्यामागच्या डबीपर्यंत पोहोचतो. डबीत रबराचा पडदा असतो. एका बाजूला व्हॅक्युम आला की दुसऱ्या बाजूची साधी हवा त्या पडद्याला ढकलते, पडद्याला जोडलेला दांडा सरकतो आणि दिवा वर येतो.

५/
टाकी कशाला? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम जवळजवळ नाहीसा होतो. टाकी नसती, तर चढावर जोर लावताच दिवे खाली बसले असते. साठवलेला व्हॅक्युम ती वेळ निभावून नेतो. पण कुठे बारीकशी गळती असेल, तर साठाही आटतो, आणि भर रात्री, भर वेगात दिवे हळूहळू मिटू लागतात. म्हणून ही चर्चा केवळ शोभेची नाही. प्रश्न जिवाचा आहे.

६/
पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस लोटसने ही रचना उलटी केली. आता स्प्रिंग दिवा वर ढकले आणि व्हॅक्युम त्याला खाली धरून ठेवी. बिघाड झालाच, तर दिवा उघडा राहणार. परिणामी, रात्रभर उभी राहिलेली इलान सकाळी दिवे उघडून बसलेली दिसली, तर ती नंतरच्या रचनेची असण्याची शक्यता मोठी. एका बिघाडावरून मोटारीच्या काळाचा अंदाज! अशी साक्ष फेकून देऊ नये, असे मला वाटते ते यासाठीच.

७/
आता मुख्य मुद्दा. ‘व्हॅक्युमचे दिवे भरवशाचे नव्हते’ हे विधान बहुतेक वेळा पन्नास-साठ वर्षे जुन्या रबराकडे पाहून केलेले असते. नळी कडक होऊन तडकली आहे, डबीतल्या पडद्याला भोक पडले आहे, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. यात रचनेचा दोष कोणता? ढासळलेला बुरूज पाहून ‘बांधणाऱ्याला बांधता येत नव्हते’ असे आपण किल्ल्याबद्दल म्हणत नाही. मोटारीबद्दल मात्र बिनदिक्कत म्हणतो. जीर्णता आणि मूळ रचना यांची गल्लत ही अभ्यासातली जुनी चूक आहे. ती इथेही होते.

८/
अर्थात लोटसची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. इलानमध्ये व्हॅक्युमची टाकी वेगळी नव्हतीच. चॅसिसचा पुढचा पोकळ आडवा भागच टाकी म्हणून वापरला होता. वजन वाचले, युक्ती देखणी होती. पण पोलाद गंजते. त्या भागात पाणी साचले, गंजाने बारीक भोके पडली, की टाकी गळू लागते, आणि जिथे गळते तो भाग मोटारीचा कणाही असतो! हा दोष मूळ रचनेचाच म्हणावा लागेल. अशा वेळी अनेक मालक वेगळी छोटी टाकी बसवतात. माझा त्याला विरोध नाही. फक्त गळती टाकीवर ढकलून गंजाकडे डोळेझाक करू नये.

९/
म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम इंजिन बंद ठेवून दिवा हाताने उचलून पाहावा. बिजागरीच अडकली असेल, तर व्हॅक्युमला दोष देण्यात अर्थ नाही. मग इंजिन चालू करून कान द्यावा. गळती पुष्कळदा फुसफुसते. त्यानंतर हातपंपाने एकेक भाग सुटा करून तपासायचा: डबीत व्हॅक्युम भरून तो टिकतो का, व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी फुंकल्यावर एकाच बाजूने हवा सोडतो का, टाकीवरचा काटा किती वेळ स्थिर राहतो. सगळ्या नळ्या सरसकट बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, ते करावेच. मात्र त्यांची जोडणी आधी कागदावर उतरवून घ्यावी.

१०/
मोटर बसवली म्हणजे कटकट संपली, असे तरी कुठे आहे? १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ ला इलानचा वारसा सांगणारे दिवे होते, पण मोटरवर चालणारे. तेही अडकतात, म्हणूनच त्या मोटरला हाताने फिरवण्याची मूठ दिलेली आहे. (फ्यूज काढल्याशिवाय तिथे बोटे घालू नयेत.) कॉर्व्हेटच्या १९९७ ते २००४ च्या पिढीत मोटरमधल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते झिजतात, मोटर गरगरते आणि दिवा जागचा हलत नाही. लोक तिथे पितळी गिअर बसवतात. म्हणजे रबर गेले, प्लास्टिक आले. प्रत्येक काळाचे आपले नाशवंत साहित्य असते, इतकेच.

११/
मग मूळ भाग मुळीच बदलू नयेत का? असा हट्ट मी धरणार नाही. रात्री चालवायची असेल, तर सुरुवातीच्या इलानचे दिवे नंतरच्या, उघडे राहणाऱ्या रचनेचे करून घेणे मला मान्य आहे. तो बदल लोटसच्याच इतिहासातला आहे. नवा पडदा, नवी नळी यांबद्दल अपराधी वाटण्याचेही कारण नाही. माझा आक्षेप आहे तो पूर्ण यंत्रणा उपटून मोटर बसवण्याला आणि दिवे कायमचे उघडे जखडून टाकण्याला. पहिल्या प्रकारात इंजिन आणि दिवे यांचे नाते तुटते, दुसऱ्यात मोटार फक्त आकारापुरती उरते.

१२/
जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेली ट्यूरिन सनद याबाबत व्यवहारी आहे. वाहन वापरात राहावे हे तिला मान्य आहे. बदल शक्यतो पुन्हा उलटवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबत जपावेत, असे ती सुचवते. दुरुस्तीत निघालेली ती फाटक्या पडद्याची डबी भंगारात देऊ नका. तारीख, मोटारीचा क्रमांक आणि काय बिघडले होते ते एका चिठ्ठीवर लिहून, डबीला बांधून डिकीत ठेवा.

(धागा समाप्त)