विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हक्क!

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. पुरेसे वैमानिक कंपनीने नेमले नव्हते. सरकारने मात्र साप्ताहिक विश्रांतीत रजा मोजू नये ही अटच मागे घेतली.

ओझरच्या विमानात कधी न बसलेला सातपूर-अंबडचा कामगार विचारेल, यात आमचे काय? त्याच सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांचा करायला मंजुरी दिली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले होते.

वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या, तेव्हा विश्रांतीचे नियम आले. कंत्राटी कामगाराला संघटनाच नाही. ती उभी करणे, हे आम्ही आपले काम मानतो.

जय भीम!