"बेल्ट आहे की!" एवढ्यावर समाधान मानू नका

मंडळी, पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या बेळगावात घरोघरी माणसं वर चढायला लागतात. पूर्वी कौलं परतायला गडी यायचे. घर बैठं, खाली मातीचं अंगण. आता शहापूर, टिळकवाडीत चार-चार मजले उभे राहिलेत आणि खाली फरशी आहे. रंगारी मात्र दोरीवर तसाच लोंबतो. विचारलं तर ठेकेदार म्हणतो, "बेल्ट आहे की!" आणि आपण गप्प.

माझ्या मते घरमालकानं इथं गप्प बसू नये. तो माणूस आपल्या भिंतीसाठी वर गेलाय. त्याच्या अंगावर काय आहे, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पहिलं म्हणजे, कमरेचा पट्टा आणि हार्नेस या दोन वेगळ्या गोष्टी. कमरेच्या पट्ट्यावर पडला, तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, कधी माणूस पट्ट्यातून निसटतोही. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला अडवायला असा पट्टा चालत नाही. हार्नेसचे पट्टे खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जातात, झटका वाटला जातो. उकडतं म्हणून मांडीचे पट्टे कुणी सैल सोडले असतील, तर लगेच टोका.

दुसरं, पाठीवर दोन खांद्यांच्या मधली डी-रिंग. पडणाऱ्याला अडवणारी दोरी तिथं अडकवायची, म्हणजे माणूस डोकं वर ठेवून लटकतो. बाजूच्या कड्या त्या कामाच्या नव्हेत.

तिसरं, दोरी. तिच्यात शिवलेली जाड घडी असते, ती शॉक अॅब्सॉर्बर. झटक्यानं ती उसवते आणि मार कमी बसतो. पण १.८ मीटरची दोरी, घडी उसवून वाढलेलं जवळपास मीटरभर, माणसाची उंची आणि थोडी राखीव जागा धरली, तर खाली पाच-साडेपाच मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्यावर लांब दोरी लावली तर ती ताणायच्या आधीच माणूस जमिनीवर! तिथं दोरी आखूड हवी आणि डोक्याच्या वर अडकवलेली हवी.

चौथं आणि सगळ्यात दुर्लक्षित: दुसरं टोक कशाला बांधलंय? नळाचा पाइप, गच्चीचा कठडा, टाकीचा पाय चालणार नाही. अमेरिकन नियमात एका माणसामागे ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो भार पेलणारा आधार मागतात.

"तीस वर्षं चढतोय तो, त्याला काय शिकवायचं?" असं म्हणणारे भेटतील. त्याच्या हातातलं कसब खरंच आहे. पण ओला कठडा आणि आलेली घेरी कसब बघत नाही.

म्हणून सोसायटीनं रंगकामाचं कोटेशन मागतानाच हार्नेसचा खर्च वेगळा लिहून घ्यावा आणि तो द्यावा. एकदा झटका बसलेला, उसवलेला, उन्हानं कडक झालेला हार्नेस पुन्हा वापरू देऊ नये. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कोण आणि कसं घेणार, तेही आधी ठरवावं. मांड्यांवर दाब येऊन रक्त अडतं, नुसतं लटकणंही जिवावर बेतू शकतं.

गणपतीच्या मांडवाला वर्गणी काढताना आपण मागंपुढं बघत नाही. मग इथंच घासाघीस कशाला? इंदूर, बडोदा, ग्वाल्हेरकडच्या मंडळींनो, तुमच्या सोसायटीत हे कोण बघतं? जरूर लिहा.