घरचा कुत्रा, घरचाच ओरखडा

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. येथील समाध्यांमध्ये थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी वाघापासून खंड्याने महाराजांना वाचवले आणि त्याला पुढे पालखीचा मान मिळाला, अशी कथा सांगितली जाते. (रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून 2012 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये राजकारण तापले होते, त्या वादात हे सदर पडणार नाही.) तिकडे जत-आटपाडीच्या माळावर मेंढरांच्या कळपामागे धनगरांची कुत्री आजही चालताना दिसतात. कुत्र्याशी असलेले आपल्या मुलखाचे नाते असे जुने आहे.

आज ते नाते निराळ्या रूपात माझ्या दवाखान्यात येते. मुले पुण्याला किंवा परदेशी, घरात दोन वृद्ध माणसे आणि एक कुत्रा. आजोबांचा सकाळचा फेरफटका त्याच्यामुळे चुकत नाही, आजींना दिवसभर बोलायला कोणीतरी असते. रक्तदाबाच्या गोळ्यांइतकेच हेही औषध आहे, असे मी मानतो. म्हातारपणी कुत्रा पाळू नका, असे मी कोणाला सांगत नाही. मात्र एक वाक्य कानी पडले की मी सावध होतो : “डॉक्टर, घरचाच आहे हो, खेळताना जरा दात लागला.”

रेबीजला घरचा आणि परका असा भेद ठाऊक नसतो. अंगणात मोकळा सुटणारा कुत्रा गल्लीतल्या कुत्र्यांशी केव्हा भांडला, हे मालकाला कळतेच असे नाही. हा रोग मनुष्यात एकदा प्रकट झाला की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पण वेळीच केलेल्या उपचारांनी तो टाळताही येतो. दंश आणि लक्षणे यांच्यामध्ये बहुधा दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. या मधल्या स्वस्थतेमुळेच माणूस फसतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत दंशापेक्षाही चाटण्याकडे अधिक दुर्लक्ष होते. मधुमेही माणूस खुर्चीत पाय सोडून बसलेला असतो, पायाची संवेदना मंदावलेली असते, टाचेला भेगा किंवा बोटाजवळ जखम असते आणि कुत्रा प्रेमाने तेथेच चाटत राहतो. रक्त येत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी दखल घेत नाही. वैद्यकीय वर्गीकरणात मात्र फाटलेल्या त्वचेवर कुत्र्याची लाळ लागणे हे रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच, म्हणजे तिसऱ्या, गंभीर वर्गात मोडते. शिवाय त्या लाळेतील इतर जंतूंनी मधुमेही जखम चिघळते, ते वेगळेच. शुश्रूषा करणाऱ्यांनी पायांची तपासणी रोज करावी आणि जखम उघडी ठेवू नये.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ, यांपैकी काहीही झाले तरी प्रथम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळात पाहून. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, दोन्ही शासकीय आहेत. कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावर स्वतःचे उपचार टाळू नयेत. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते लस सुरू करून. दहा दिवस वाट पाहून मग लस, असे नव्हे.

अनेक ज्येष्ठ येथे अडतात, कारण त्यांच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शने असतात. ती भीती निराधार नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेला अपायही करी. भारतात तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झाले. आताची लस दंडात देतात : स्नायूत द्यायची तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, त्वचेत द्यायची तर चौदावा दिवस वगळून. तिसऱ्या वर्गातील जखमेत त्याखेरीज प्रतिद्रव्यांचे सीरम भरावे लागते. मधुमेह, हृदयरोग, उतारवय यांपैकी कशामुळेही ही लस अडत नाही. रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर तेवढे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पथ्य काहीही नाही. आंबट खाल्ल्याने लस वाया जाते, ही समजूत कोठून आली कोण जाणे!

आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली लस, मग पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढची आणि त्यानंतर दरवर्षी. त्याचे कार्ड आपल्या औषधांच्या फाईलमध्येच ठेवावे. फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये. कुत्रा मांजरामागे झेपावला की मालक पडतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे सोपे नसते.

राहता राहिली गल्लीतली कुत्री. त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, म्हणजे साताऱ्यात नगरपालिकेची आणि सांगली-मिरज-कुपवाडमध्ये महापालिकेची. त्याच नियमांत असेही म्हटले आहे की निवासी संकुलात कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा प्रवेशद्वार आणि जिने यांपासून दूर, मुले व ज्येष्ठ नागरिक यांचा वावर कमीत कमी असेल तेथे ठरवावी. सोसायटीच्या सभेत “घाला” आणि “घालू नका” असे दोन तट पडतात, तेव्हा हे कलम कोणी वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये लस देऊन आणि निर्बीजीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याचा मार्ग मान्य केला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. नोव्हेंबरमध्ये रुग्णालये, शाळा, बसस्थानके यांसारख्या ठिकाणांसाठी अधिक कडक आदेश दिला.

एखाद्या भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मते मागायला उमेदवार दाराशी येतात तेव्हा आपण रस्त्याचे आणि पाण्याचे विचारतोच. आपल्या प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांना लस दिली, हेही विचारावे, आणि आकडा लेखी मागावा.